फणी

तीन फुटांच्या टाकीत दोन मोठे मासे ठेवू नयेत
हे विजापूर वेशीतल्या इराण्णानं मला सांगितलं,
दोन्ही विकून झाल्यावर.
"एक ठेवा, नाहीतर पाच ठेवा.
पाचांत राग वाटला जातो,
दोघांत तो सगळा एकालाच मिळतो."
सुटे पैसे मोजताना त्यानं वर पाहिलं नाही.

पहिला ऑस्कर. काळाभोर, अंगावर निखारे फुटलेले.
राजेश्वरीनं विड्या वळता वळता त्याचं नाव ठेवलं: मुकादम.
ती सूप घेऊन बसली की हा काचेशी येऊन
तोंड उघडतो, मिटतो, उघडतो,
पुडे मोजतोय असा.
दुसरा हिरवट, शेपटीला केशरी काठ,
आमच्याच मागावरच्या टॉवेलासारखा.
त्याला नाव सुचायच्या आत
त्याचा उजवा पर फाटला होता.

काय काय नाही केलं.
रात्री दिवा मालवून दगड उपसले, वेगळे रचले,
म्हणजे सकाळी दोघंही नवे भाडेकरू,
कुणाचंच काही नाही.
दुपारपर्यंत चाललं.
दुपारी मुकादमानं कुंडीचं फुटकं खापर हेरलं,
भोवतीची वाळू तोंडानं उकरून थुंकली
आणि तिथपासून काचेपर्यंत सगळं आपलं केलं.
सातबारा लागत नाही त्यांना.

एप्रिलात तर बोलूच नका.
बाहेर चव्वेचाळीस, टाकीत बत्तीस.
पाणी तापलं की मासा तापतो.
बर्फाच्या बाटल्या सोडल्या, खिडकीला ओली चादर लावली.
वीज गेली की हवेचा पंप बंद
आणि तेवढाच वेळ भांडण बंद:
दोघं वर येऊन, तोंड वासून,
शेजारी शेजारी.
ती शांतता मला बघवेना.

माडीवर अंबादास राहतो, मोठा भाऊ.
जिन्यातून डोकावून म्हणाला, "एक विकून टाक की."
मागांच्या वेळीही हेच म्हणाला होता,
असाच, चपलेत पाय सरकवत.
आठ त्याचे, आठ माझे.
त्याचे आधी गेले, बरे गेले.
माझे किलोवर.

एक फणी तेवढी मी ठेवून घेतली होती.
स्टेनलेसची. कशाला, ते तेव्हाही सांगता आलं नसतं.
तिच्या फटीफटीतून सोळा वर्षं ताणा गेला,
धागा तुटला की कुठल्या घरातला
हे मी डोळे मिटून बोटानं सांगायचो.
करवतीनं तिचे चार तुकडे केले,
एकावर एक, नायलॉनच्या दोरीनं आवळले
आणि टाकीच्या मधोमध उभे केले.

पाणी जातं. मासा जात नाही.
नजर जाते, पण चिरून,
केसाएवढ्या पट्ट्यापट्ट्यांची.
मुकादमानं तीन दिवस नाक घासून सोलून घेतलं.
चौथ्या दिवशी दोघंही जेवले,
आपापल्या बाजूला, पाठ फिरवून.

पाचव्या दिवशी नळाला पाणी आलं, रात्री अडीचला.
पिंप भरायला लावून मी फणी धुवायला बाहेर काढली.
शेवाळ धरलं होतं, धाग्याच्या पिसासारखं.
बॅटरीच्या उजेडात पाहतो तर
दोघं जिथल्या तिथे.
फणी होती ती जागा कुणी ओलांडेना.
मी हात घालून वाट बघत राहिलो,
मला वाटलं, आता शिकले.

पहिला चावा मला बसला.
कुणी घेतला, ते कळलं नाही.
राजेश्वरीनं न बोलता तंबाखूची चिमूट बोटावर दाबली,
चिंधी बांधली,
मी डाव्या हातानं फणी परत बसवली.
मोरीत नळाची धार एकाएकी बारीक झाली,
मग करंगळीएवढी, मग थेंब.

वर अंबादासनं मोटर लावली होती.